सहा महिन्यांनी या

रक्तदान शिबिरात रक्त दिलं, काही दिवसांनी रक्तपेढीतून निरोप आला की एकदा येऊन भेटा. गेल्यावर कळलं, हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. हा आजार माणसाला बहुतेक वेळा असाच अवचित कळतो. गरोदरपणाच्या तपासणीत कळतो, हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या रक्तात कळतो, आखातात नोकरीला निघालेल्या पोराच्या मेडिकलमध्ये कळतो आणि तिथेच त्याचा व्हिसा अडतो. दुखत-खुपत काही नसतं. मग जिल्ह्याच्या ठिकाणी एक खेप होते. आणखी रक्त जातं, सोनोग्राफी होते. डॉक्टर रिपोर्ट चाळतात आणि सांगतात, "सध्या औषध लागणार नाही. सहा महिन्यांनी या."

या वाक्यातलं पहिलं निम्मं घरी पोचतं, उरलेलं बस स्टँडवरच राहतं. औषध नाही म्हणजे आजार नाही, असा हिशेब माणूस करतो, आणि तो हिशेब चुकीचा म्हणायला त्याच्या शरीरात एकही खूण नसते. सहा महिन्यांनी तुरीची रास चालू असते, किंवा तो ऊसतोडीला गेलेला असतो, पुण्यात सेंट्रिंगच्या कामावर असतो. कुणीही त्याला बोलावत नाही. पुढची भेट होते ती आठ-दहा वर्षांनी, पोटात पाणी झाल्यावर.

यकृताच्या जुनाट संसर्गाच्या बाबतीत आपली आरोग्यव्यवस्था सगळ्यात जास्त या मधल्या वर्षांत हरते, असं माझं ठाम मत आहे. चाचणी आहे, लस आहे, गोळी आहे, तीही सरकारी केंद्रात फुकट. नाही ती आठवण ठेवणारी व्यक्ती. आणि ही व्यक्ती नर्सच असू शकते.

आधी आजार नीट समजून घेऊ. आपल्याकडे गावात यकृताचा आजार म्हणजे कावीळ. कर्नाटकाच्या सीमेवरच्या आळंद तालुक्यातल्या कानडी घरांत कामाले. डोळे पिवळे झाले की आजार आला, उतरले की गेला. गळ्यात काविळीची माळ घालतात, ती लांबत पोटापर्यंत आली की कावीळ उतरली म्हणतात. चुन्याच्या निवळीत हात धुवून पाणी पिवळं झालेलं दाखवतात. दूषित पाण्यातून येणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांत आपोआप बरी होते, त्यामुळे माळेचं नाव होतं. बी आणि सी हे विषाणू मात्र रक्तातून, असुरक्षित सुईतून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातात, आणि पुष्कळदा डोळे पिवळे न करताच वर्षानुवर्षं मुक्काम करतात. 2009 साली गुजरातमधल्या मोडासा भागात वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बीची साथ आली आणि कितीतरी माणसं दगावली. 'एक सुई मारा' असं डॉक्टरला स्वतःहून सांगणाऱ्या आपल्या मुलखाने ते गाव विसरू नये.

बी विषाणूचं वागणं वयावर ठरतं. मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातले पंचाण्णव जण विषाणू स्वतःच परतवून लावतात. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्या बाळांत हे प्रमाण उलटं होतं. दहातल्या नऊ बाळांत तो कायमचा घर करतो. म्हणजे आज चाळिशीत आलेल्या शेतकऱ्याचा आजार बहुधा त्याच्या बाळंतघरातून किंवा पहिल्या काही वर्षांतून आलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 25 कोटी 40 लाख लोक जुनाट हिपॅटायटिस बी घेऊन जगत होते. त्यांतले भारतात सुमारे 2 कोटी 98 लाख. त्याच वर्षी बी आणि सी मिळून सुमारे 13 लाख मृत्यू झाले. जगभरातल्या बीच्या रुग्णांपैकी निदान झालेले जेमतेम 13 टक्के, आणि उपचार घेणारे 3 टक्के.

या आजाराचा सगळ्यांच्या ओळखीचा रुग्ण एकच आहे. 26 जुलै 1982 ला बंगळूरमध्ये 'कुली'च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन जखमी झाले. त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे की त्या वेळी सुमारे दोनशे दात्यांचं रक्त त्यांना चढवलं गेलं, त्यांतल्या एकाच्या रक्तात हिपॅटायटिस बी होता, आणि हे त्यांना कळलं ते जवळजवळ अठरा वर्षांनी, एका नेहमीच्या तपासणीत. तोवर यकृताचा पाऊण भाग गेला होता. 2017 मध्ये ते या आजारासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे सदिच्छादूत झाले. देशातले उत्तमातले उत्तम डॉक्टर हाताशी असलेल्या माणसाची अठरा वर्षं अशी गेली. आळंद तालुक्यातल्या खजुरीच्या किंवा मादनहिप्परग्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याचं काय होत असेल, याचा अंदाज बांधायला आकडेवारी लागत नाही.

आता आळंद. कलबुर्गी जिल्ह्याचा हा तालुका महाराष्ट्राला लागून आहे. एका अंगाला अक्कलकोट, दुसऱ्या अंगाला उमरगा. 1948 पर्यंत आळंद आणि उमरगा दोन्ही निजामाच्या मुलखात, 1956 ला राज्यं नव्याने आखली गेली आणि रेषा पडली. पण रोटी-बेटीचा व्यवहार, बाजार आणि लाडले मशायकांच्या दर्ग्याला येणारी माणसं या रेषेला जुमानत नाहीत. एकाच गल्लीत कन्नड, मराठी, दख्खनी आणि तांड्यावरची गोरमाटी ऐकू येते. कलबुर्गी शहर चाळीसेक किलोमीटरवर. मोठा आजार म्हटलं की काही जण तिकडे जातात आणि काही सोलापूरचा रस्ता धरतात, कारण तिथे भाषा आपली, नातेवाईक आपले. पहिला रिपोर्ट कलबुर्गीचा, दुसरा सोलापूरचा, तिसरा उमरग्याच्या एखाद्या खासगी लॅबचा. तिन्ही एका प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी पत्र्याच्या पेटीत. हा माणूस दोन राज्यांत रुग्ण आहे, आणि पाठपुरावा मात्र एकाही राज्यात नाही.

28 जुलै 2018 ला केंद्राने राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. 28 जुलै हा बरूक ब्लुमबर्ग यांचा जन्मदिवस. हिपॅटायटिस बीचा विषाणू शोधल्याबद्दल त्यांना 1976 चं नोबेल मिळालं. या कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सीला आता बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक माणसं पूर्ण बरी होतात. बीला असं पूर्ण बरं करणारं औषध अजून नाही. टेनोफोव्हिरची 300 मिलिग्रॅमची रोजची एक गोळी विषाणूला दाबून ठेवते, यकृत वाचवते, कर्करोगाचा धोका खूप कमी करते. पण ती वर्षानुवर्षं घ्यावी लागते. आपल्या मनाने अचानक बंद केली तर विषाणू उसळतो आणि यकृत एकदम बसू शकतं. शिवाय गोळी चालू असताना मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवायला क्रिएटिनिन पाहावं लागतं. आणि ज्यांना गोळीची गरज नाही त्यांच्यावरही नजर ठेवावी लागते, कारण आज शांत असलेला विषाणू उद्या जागा होऊ शकतो, आणि बीमध्ये यकृत घट्ट झालेलं नसतानाही कर्करोग होऊ शकतो.

या सगळ्या कामात निष्णात डॉक्टर कुठे लागतो? सुरुवातीला, आणि काही बिघडलं तर. मधली सगळी वर्षं काम असतं ते ठरलेल्या तारखेला रक्त काढायचं, एसजीपीटी आणि प्लेटलेट पाहायचे, आकडा मागच्या वेळेपेक्षा वर आहे की खाली ते तपासायचं, गोळी चुकली का विचारायचं, आणि ठरलेली रेषा ओलांडली की डॉक्टरला कळवायचं. यकृत किती घट्ट झालं याचा अंदाज देणारी एप्री नावाची मोजणी तर एसजीओटी आणि प्लेटलेट या दोन आकड्यांवरून कागदावर करता येते. मार्च 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बीची मार्गदर्शक तत्त्वं बदलून उपचाराचं दार आणखी रुंद केलं आणि साध्या चाचण्यांवर निर्णय घेता यावा अशी मांडणी केली. हे काम नर्स उत्तम करू शकते. किंबहुना डॉक्टरपेक्षा चांगलं करते, कारण डॉक्टरची ओपीडी दारात आलेल्या माणसासाठी असते. न आलेल्या माणसाचं नाव फक्त नोंदवहीत दिसतं, आणि नोंदवही नर्सच्या हातात असते.

याचा पुरावा बाहेर आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात भारतात जन्मलेले डॉक्टर संजीव अरोरा यकृततज्ज्ञ होते. हिपॅटायटिस सीचे रुग्ण त्यांच्याकडे यायला महिनोन्महिने थांबत, शेकडो मैलांवरून गाडी हाकत येत. 2003 मध्ये त्यांनी रुग्णांना बोलावण्याऐवजी ज्ञान बाहेर पाठवायचं ठरवलं. दर आठवड्याला दृक्-श्राव्य बैठक. खेड्यातले आणि तुरुंगातले डॉक्टर, नर्स आपापले रुग्ण मांडणार, तज्ज्ञ सल्ला देणार, उपचार तिथेच होणार. या 'प्रोजेक्ट इको'चे निकाल 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यापीठाच्या रुग्णालयात 57.5 टक्के रुग्ण बरे झाले होते, दूरच्या केंद्रांत 58.2 टक्के. इंटरफेरॉनच्या काळातली ही गोष्ट. इंजेक्शनं, ताप, नैराश्य सांभाळत केलेले उपचार. त्यातही खेडं मागे पडलं नाही. पुढे पंजाबने 2016 पासून चंडीगडच्या पीजीआयच्या मार्गदर्शनाखाली हीच वाट धरली. सीचे उपचार जिल्हा रुग्णालयांत आणले आणि हजारो रुग्णांत दहातले नऊ बरे केले. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या तुरुंगांत तर सगळा कारभार नर्सच चालवतात. मेलबर्नच्या सेंट व्हिन्सेंट्स रुग्णालयातले डॉक्टर दुरून सल्ला देतात.

इतकं लांब जायचीही गरज नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे चार जिल्हे पहिल्या फळीत होते. प्राथमिक केंद्रातली स्टाफ नर्स रुग्णाचं कार्ड 'सिंपल' नावाच्या मोबाइल ॲपवर स्कॅन करते, बीपी नोंदवते, आणि ॲप तिला तारीख उलटून गेलेल्यांची यादी दाखवतं. मग ती फोन लावते. इतकंच. 2022 मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. बीपीसुद्धा हिपॅटायटिससारखाच न दुखणारा, जन्मभराचा आणि रोजच्या गोळीवर चालणारा आजार आहे. बीपीच्या नोंदवहीत यकृताचं आणखी एक पान का नको, या प्रश्नाचं मला पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही.

कर्नाटकात तर याची जमीन आधीच नांगरलेली आहे. तिथल्या उपकेंद्रांवरचे समुदाय आरोग्य अधिकारी बी.एस्सी. नर्सिंग केलेले असतात. महाराष्ट्रात त्या पदावर आयुर्वेदाचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे आळंद तालुक्यातल्या गावात पदवीधर नर्स बसते, तिच्याकडे ई-संजीवनीवरून डॉक्टरला गाठायची सोय आहे, आणि 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी आरोग्यसेवकामार्फत होणाऱ्या अशा सल्ल्याला रीतसर जागा दिली आहे. रक्तातला विषाणू मोजायचं यंत्रही आता लहान झालं आहे. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट क्षयरोगासाठी ठिकठिकाणी पोचलं आहे, आणि त्यावर हिपॅटायटिस बी आणि सीच्याही चिप चालतात.

मग तो फोन कसा असावा? हे बारकाव्याचं काम आहे म्हणून थोडं थांबतो. समजा, नर्सने गावातल्या साठीच्या माणसाला फोन लावला. पहिलं वाक्य नावाचं नको, आजाराचं तर नकोच. "मामा, उपकेंद्रातनं सिस्टर बोलत्येय. मोकळे आहात का बोलायला?" खेड्यात फोन एकट्याचा नसतो. तो मुलाच्या खिशात असतो, सुनेच्या हातात असतो, आणि चावडीवर स्पीकरवर टाकलेला असतो. एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांना 2017 च्या कायद्याने गुप्ततेचं आणि भेदभावाविरुद्धचं संरक्षण दिलं. हिपॅटायटिस बीच्या रुग्णाला तसा वेगळा कायदा नाही. फोनवरून एक शब्द निसटला तर घरात ताट-तांब्या वेगळा होतो, ठरलेलं लग्न मोडतं. खरं तर हा विषाणू एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एका माठातलं पाणी प्यायल्याने पसरत नाही. वस्तरा, ब्लेड आणि टूथब्रश तेवढे वेगळे ठेवायचे.

मग प्रश्न. गोळ्या किती उरल्यात, डबी हातात घेऊन मोजा. लघवीचा रंग कसा आहे? पाय सुजतात का, दाबल्यावर खड्डा राहतो का? धोतर किंवा लेंग्याची नाडी पोटाला तंग होतेय का? शौचाला डांबरासारखं काळं झालं का? दिवसा झोप येते आणि रात्री टक्क जाग राहते का, बोलताना घोटाळतात असं घरचे म्हणतात का? हा शेवटचा प्रश्न घरच्या बाईला विचारायचा, कारण यकृत थकून मेंदूवर झापड येऊ लागली की ते रुग्णाच्या लक्षात येत नाही, बायकोच्या येतं. दारू किती, आणि कुणी झाडपाल्याचं औषध दिलंय का, हे न रागावता विचारायचं. रागावलेल्या सिस्टरला माणूस पुढच्या वेळी खोटं सांगतो. आणि दरवेळी एकदा: घरच्यांची तपासणी झाली का, ज्यांना लागण नाही त्यांना लस मिळाली का? हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने 1997 मध्ये देशी लस काढली आणि ही महागडी लस सामान्यांच्या आवाक्यात आली. बालकांच्या लसीकरणात ती देशभर 2011 नंतर मिळू लागली. त्यामुळे आजच्या तरण्याताठ्या पिढीतले पुष्कळ जण लशीविना वाढलेले आहेत.

हे सगळं कुठल्या भाषेत? ऑस्ट्रेलियाच्या उत्तर प्रांतात मेन्झीस संस्थेने 2014 मध्ये आदिवासींच्या योल्ङू माथा भाषेत हिपॅटायटिस बीची गोष्ट सांगणारं ॲप केलं. लोकांबरोबर बसून बांधलं, आणि पुढे ते आणखी अनेक आदिवासी भाषांत नेलं. आळंदला चार भाषा लागतील. सहीचा फॉर्म कन्नडमध्ये असो, त्याला माझी काही हरकत नाही. पण 'गोळी बंद करू नका' हे वाक्य माणसाला त्याच्या आईच्या भाषेतच सांगितलं पाहिजे. सीमेवरच्या नर्सला बऱ्याचदा या भाषा येतातच. ते तिचं कौशल्य आहे असं धरून तिला त्याचा भत्ता द्यावा. आज ही पदं बहुतांशी कंत्राटी आहेत. कंत्राट संपलं किंवा बदली झाली की तिच्या डोक्यातली सगळी माणसं तिच्याबरोबर जातात. म्हणून नोंदवही उपकेंद्राची हवी, फोनसुद्धा उपकेंद्राचा हवा, आणि नंबर तोच राहायला हवा.

पैशाची गोष्टही इथेच सांगितली पाहिजे. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकने हरकत घेतली, दोन्हीकडे भाषणं झाली. कर्नाटकाचीही आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहे. दोन्ही योजनांचा मुख्य भर दाखल झालेल्या रुग्णावर. जुनाट हिपॅटायटिसच्या माणसाला दाखल व्हायची वेळ येते तेव्हा बरंचसं हातचं गेलेलं असतं. त्याला लागतो वर्षातून दोनदा रक्ताचा, एक-दोन सोनोग्राफींचा आणि चार फोनचा खर्च. खाटेवर लाखो रुपये मंजूर करणाऱ्या दोन राज्यांनी या चार फोनचा खर्च वाटून घ्यावा, इतकीच मागणी मला सीमाप्रश्नाच्या या बाजूने करायची आहे.

आणि सगळ्यात निकड आहे ती माहेरी निघालेल्या पोरीची.

उमरग्याची मुलगी आळंद तालुक्यात दिली. दिवस गेले, उपकेंद्रात नाव घातलं, तायी कार्ड म्हणजे गरोदर बाईचं कर्नाटकातलं कार्ड मिळालं, रक्त तपासलं आणि हिपॅटायटिस बी निघाला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या-आठव्या महिन्यात ती कन्नड कार्ड घेऊन महाराष्ट्रात जाते. आता घड्याळ चालू आहे. तिच्या रक्तात विषाणूचं प्रमाण जास्त असेल, एका मिलिलिटरमागे दोन लाखांच्या वर, तर शेवटच्या तीन महिन्यांत टेनोफोव्हिर सुरू करायला हवं. बाळ जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत लशीचा पहिला डोस, आणि मिळत असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन. चोवीस तास म्हणजे चोवीस तासच. सहाव्या आठवड्याला पेंटाव्हॅलंटमधून लस मिळेल तोपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. तिकडच्या बाळंतघरात कार्ड वाचता आलं नाही, आणि आईने सासरची गोष्ट माहेरी सांगायला नको म्हणून गप्प बसायचं ठरवलं, की दहातल्या नऊ बाळांचा तो हिशेब चालू होतो.

इथे एक फोन पुरतो. आळंदच्या नर्सने पोरीच्या संमतीने उमरग्याच्या नर्सला करायचा: अमुक गावची मुलगी अमुक तारखेच्या सुमाराला तुमच्याकडे येईल, गोळी चालू आहे, लस तयार ठेवा. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या उपकेंद्रांकडे एकमेकींचे नंबर हवेत, आणि तायी कार्डावर राज्यं वेगळी असली तरी ओळखू येईल अशी एक खूण हवी. कलबुर्गी, सोलापूर आणि धाराशिवच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी एका बैठकीत ठरवावं एवढंच हे काम आहे. सव्वा महिन्यानंतर मूल सासरी परत येईल, पुढचे डोस आळंदला होतील, आणि वर्षाचं होता-होता त्याचं रक्त एकदा तपासावं लागेल की लस लागू पडली का. ती तारीख पोरगी माहेरी निघायच्या आधीच आळंदच्या वहीत लिहून ठेवायची, आणि त्याच पानावर आईची पुढची सहामाही तपासणीसुद्धा, कारण बाळंतपणानंतर काही बायकांत विषाणू उसळतो, आणि बाळाच्या लशीच्या धावपळीत तिच्या रक्ताची आठवण घरात कुणालाच राहत नाही.